इंजिनाने पेललेली गाडी



४ जून १९६७ रोजी हॉलंडमधल्या झांडव्होर्टला, समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधून जाणाऱ्या मार्गावर एक नवी शर्यतीची गाडी पहिल्यांदा धावली आणि त्याच दिवशी जिंकली. लोटस ४९ तिचं नाव. अंग गडद हिरवं, मधून पिवळा पट्टा, आकडा पाच. चालवत होता स्कॉटलंडचा जिम क्लार्क. तशीच दुसरी गाडी ग्रॅहॅम हिलकडे होती. ती सर्वांत पुढून सुटली, आघाडीवरही होती, पण इंजिनातल्या एका दंतचक्राचे दात तुटले आणि ती थांबली. या गाडीची लहान प्रतिकृती घरी, टेबलावर, सुट्या भागांतून जोडता येते. त्या जोडणीत माणसाला काय कळतं, ते मला आज तुम्हाला सांगायचं आहे.

जपानमधल्या शिझुओका शहरात तामिया नावाची कंपनी आहे. सुरुवात १९४६ची, मूळ व्यवसाय लाकडाचा. त्यातून लाकडी नमुने आले आणि पुढे प्लॅस्टिकचे. १९६७ मध्ये या कंपनीने होंडाच्या आरए२७३ या शर्यतीच्या गाडीचा संच काढला, तो एकास बारा या मोठ्या प्रमाणात. त्याच मालिकेत मग लोटस ४९ आली. एकास बारा म्हणजे खऱ्या गाडीवरचा एक फूट इथे एक इंच होतो. पूर्ण गाडी फुटाहून थोडी लांब भरते. टायर रबराचे, स्प्रिंगा खऱ्या तारेच्या, आणि स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळतात. एवढ्या आकारात भाग नुसता दिसायला ठेवून चालत नाही. त्याला त्याचं काम करावं लागतं.

मी सगळ्या गाड्यांमधून हीच का निवडते, त्याचं कारण तिच्या पाठीवर उघडं आहे. या गाडीच्या इंजिनावर झाकण नाही. चालकाच्या पाठीमागे गाडीचं शरीर संपतं आणि तिथून मागे नुसतं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागची चाकं. वाटतं, मागचा सांगाडा लावायचाच राहिला की काय? राहिलेला नाही. सांगाडा म्हणजे ते इंजिनच.

हे कसं घडलं ते थोडक्यात सांगते. १९६६ पासून फॉर्म्युला वनमध्ये तीन लिटरच्या इंजिनांचा नियम आला. लोटसचे कॉलिन चॅपमन भरवशाच्या नव्या इंजिनाच्या शोधात होते. त्यांनी ब्रिटनमधल्या फोर्ड कंपनीला गळ घातली. फोर्डने एक लाख पौंड दिले आणि तेवढ्या पैशात कॉसवर्थ कंपनीच्या कीथ डकवर्थ यांनी दोन इंजिनं तयार केली. त्यातलं मोठं म्हणजे डीएफव्ही. आठ सिलिंडर, इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन रांगांत मांडलेले, २९९३ घन सेंटिमीटर, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, ताकद सुमारे ४०० अश्वशक्ती. झांडव्होर्टला ते पहिल्यांदाच शर्यतीत उतरलं. १९८३ पर्यंत या इंजिनाने आणि त्याच्या सुधारित रूपाने मिळून १५५ ग्रां प्री जिंकल्या.

पण ताकदीपेक्षा मोठी गोष्ट त्याच्या जागेत होती. आधीच्या बहुतेक गाड्यांत सांगाडा इंजिनाला वाहायचा. इंजिन म्हणजे पालखीतला देव आणि सांगाडा म्हणजे भोई. चॅपमन आणि त्यांचे आरेखक मॉरिस फिलिप यांनी या गाडीत देवालाच भोई केलं. इंजिनाकडून भार पेलून घेण्याचा विचार त्याआधीही झाला होता, १९५४ च्या लान्चिया डी५० मध्ये त्याची सुरुवात दिसते. डकवर्थ यांनी मात्र हे इंजिन पहिल्या रेघेपासून त्या कामासाठीच आखलं.

आता संचाकडे येऊ. डबा उघडला की प्लॅस्टिकच्या चौकटींत अडकलेले भाग हाती येतात. सुरुवात इंजिनापासून करायची. आधी दोन्ही बाजूंचे सिलिंडर हेड, मग वरची झाकणं, मधल्या खोबणीत हवा ओढणारे आठ कर्णे आणि बाहेरच्या अंगाने धुराचे आठ नळ. प्रत्येक बाजूचे चार नळ वळत वळत जवळ येतात आणि शेवटी एक होतात. हे चार नळ जुळवताना बोटांना एक गोष्ट कळते. डाव्या बाजूचा एकही नळ उजवीकडे जात नाही. त्याचं कारण आत, न दिसणाऱ्या क्रँकशाफ्टमध्ये आहे. त्याचे सगळे बाहू एकाच सपाट पातळीत असल्याने प्रत्येक बाजूचे चार सिलिंडर समान अंतराने धूर सोडतात. त्यामुळे त्या बाजूचा हिशेब त्याच बाजूला पुरा होतो. वेगळ्या क्रँकशाफ्टच्या व्ही-आठ इंजिनात हाच मेळ घालायला नळ एकमेकांवरून पलीकडे न्यावे लागतात. आतली रचना अशी बाहेरच्या नळांत वाचता येते.

मग येतो या जोडणीतला सर्वांत महत्त्वाचा क्षण, इंजिन गाडीच्या धडाला लावण्याचा. खऱ्या गाडीत खालच्या बाजूला दोन बोल्ट आहेत, एकमेकांपासून नऊ इंचांवर. म्हणजे आपल्या टेबलावर पाऊण इंच. वरच्या बाजूला मात्र जाड बोल्टांऐवजी पातळ पट्ट्या आहेत आणि त्या इंजिनाच्या वरच्या झाकणांना जोडलेल्या. चारशे अश्वशक्तीच्या इंजिनाला पातळ पट्ट्या कशासाठी? इंजिन तापलं की फुगतं, धड तेवढं फुगत नाही. चारही ठिकाणी घट्ट आवळलं असतं तर काहीतरी चिरलं असतं. म्हणून खाली पक्की पकड, आणि वर अशी पट्टी जी ओढ सहन करते पण फुगण्यापुरती वाकतेही. पुस्तकात हे मी आधी वाचलं होतं. प्लॅस्टिकचा तो लहानसा भाग चिमट्यात धरला, आणि मागची दोन्ही चाकं, गिअरबॉक्स, इंजिन हे सगळं एवढ्या चार जागांवर तोललेलं आहे हे हाताला जाणवलं, तेव्हा ते मला समजलं.

आता कारागिरीबद्दल. भाग चौकटीतून कापताना निपर थोडा दूर चालवायचा आणि उरलेला खुंट धारदार पात्याने अलगद तासायचा. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे प्रत्येक भागावर बारीक रेघ उठते. ती कानशीने आणि बारीक पॉलिश पेपरने घालवायची, कारण खऱ्या नळावर अशी रेघ नसते. गोंद लावण्याआधी प्रत्येक जोड कोरडा बसवून पाहायचा. या प्लॅस्टिकचा गोंद चिकटवत नाही, तो दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. तो सुकल्यावर जोड उघडत नाही, म्हणून घाई अजिबात नको. ज्या भागांवर क्रोमचा चकचकीत थर असतो, तिथे जोडापुरता तो थर खरवडावा लागतो, नाहीतर गोंद प्लॅस्टिकपर्यंत पोचतच नाही.

खरी परीक्षा मापाची. प्रत्येक जाडीला बाराने गुणून पाहायची सवय लावून घ्यावी. रंगाचा थर मिलीमीटरचा दहावा भाग झाला, तर तो खऱ्या गाडीवर १.२ मिलीमीटर जाडीचा लेप ठरेल आणि त्याखाली सगळे रिव्हेट बुजतील. म्हणून रंग एअरब्रशने, पातळ करून, थरावर थर द्यायचा. स्पार्क प्लगची वायर खऱ्या इंजिनात सात-आठ मिलीमीटर जाड असते, म्हणजे इथे जेमतेम ०.६ मिलीमीटरची तार हवी. इंधनाच्या नळ्या त्याहून बारीक. मधल्या खोबणीत पेट्रोल मोजून देणारं ल्यूकसचं यंत्र बसतं आणि तिथून आठ नळ्या आठ कर्ण्यांकडे जातात. कोणती नळी कुठे गेली हे त्या काळच्या छायाचित्रांवरून शोधायचं. एक नळी शोधण्यात संध्याकाळ गेली तरी ती वाया गेली असं मला कधी वाटत नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात रंगकाम जपून करावं. लॅकरमधलं थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंग पांढुरका पडतो. मुंबई-कोकणात तर हे दिवस सुटे भाग तासण्यासाठी आणि छायाचित्रांच्या अभ्यासासाठी राखून ठेवावेत. हिरवा रंग कोरड्या हवेची वाट पाहू शकतो.

आणि रंग देण्याआधी ठरवायचं, की ही कोणत्या दिवसाची गाडी? शर्यतीची गाडी दर शर्यतीला बदलते. १९६७ ची लोटस हिरवी-पिवळी. १९६८ मध्ये सिगारेट कंपनीच्या पैशाबरोबर लाल, पांढरा आणि सोनेरी रंग आला. त्याच वर्षी मोनॅकोला हिलच्या गाडीच्या नाकाला दोन लहान पंख फुटले. आकडा एका शर्यतीचा आणि आरसे दुसरीचे, असं केलं तर जी गाडी कधीच अस्तित्वात नव्हती ती तयार होते.

चालकाची बैठक रंगवताना मन जड होतं. बैठकीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती पोकळ आहेत आणि त्यांत पेट्रोल भरलेलं असे. पाठीमागेही पेट्रोल. कमरेचा पट्टा शोधायला जावं तर तो नाही. त्या काळी फॉर्म्युला वनमध्ये तो बांधण्याची रीतच रुळली नव्हती, सक्ती आली ती १९७२ मध्ये. पत्रा, पेट्रोल आणि मधे माणूस. शर्यतीच्या जुन्या चित्रफिती पाहताना हे लक्षात येत नाही. बैठकीची भिंत स्वतः लावली की विसरता येत नाही.

सर्वांत शेवटी मागच्या चाकांचे दांडे. त्यांतला वरचा आडवा दांडा काडीएवढा असतो. चाक उभं ठेवणं हे त्याचं काम. १ ऑक्टोबर १९६७ ला अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनच्या शर्यतीत क्लार्क आघाडीवर होता. शेवटच्या दोनेक फेऱ्या उरल्या असताना नेमका हाच, उजव्या बाजूचा दांडा तुटला. चाक कलंडलं. मागून हिल येतच होता. क्लार्कने वेग कमी केला, वळणं सांभाळून घेतली आणि तशीच गाडी पहिली आणली. हा दांडा मी बसवते तेव्हा तो नसताना गाडी वळवायची म्हणजे काय, याचा अंदाज येतो. चाकाला आडवं धरायला खालचे दांडे उरतात आणि वरून तसा आधार काहीच नाही. क्लार्कचं कौशल्य मोठं होतं हे सगळेच सांगतात. ते किती मोठं होतं हे हा एवढासा दांडा सांगतो.

१ जानेवारी १९६८ ला दक्षिण आफ्रिकेत क्लार्कने याच जातीच्या गाडीत आपली पंचविसावी ग्रां प्री जिंकली आणि फांजिओ या आधीच्या चालकाचा चोवीस विजयांचा विक्रम मोडला. ७ एप्रिलला जर्मनीत होकेनहाइमला फॉर्म्युला टूच्या शर्यतीत, दुसऱ्या एका लोटसमध्ये, त्याचा मृत्यू झाला. वय बत्तीस. तो मूळचा शेतकरी. स्कॉटलंडमधल्या चर्नसाइड गावी त्याच्या थडग्यावर जगज्जेता या शब्दाच्या आधी शेतकरी असं कोरलं आहे. त्या वर्षीचं विजेतेपद हिलने याच गाडीत लोटसला मिळवून दिलं.

श्रोतेहो, यंत्राबद्दल आपल्याला आदर वाटतो तो बहुधा त्याच्या वेगामुळे. मला वाटतं, त्याहून मोठा आदर त्याच्या आतल्या समजूतदारपणाला द्यायला हवा, कुठे घट्ट धरायचं आणि कुठे वाकू द्यायचं हे कुणीतरी विचार करून ठरवलेलं असतं त्याला. आज अभियांत्रिकी शिकणारी मुलं संगणकाच्या पडद्यावर गाडी हवी तशी फिरवून पाहतात, आणि ते उत्तमच आहे. पण पडद्यावरचा भाग विरोध करत नाही. हातातला भाग करतो. तो बसत नाही तेव्हा थांबावं लागतं, उलटून पाहावं लागतं, आणि तिथेच रचना समजू लागते.

ज्यांना हे करून पाहायचं असेल, त्यांनी एकदम महागड्या मोठ्या संचाला हात घालू नये. एकास चोवीस प्रमाणातला एखादा साधा संच घ्यावा, पण इंजिन असलेला. पहिले दोन-तीन दिवस हत्यार न उचलता नुसता माहितीचा कागद वाचावा. मुलं घरात असतील तर त्यांना जवळ बसवावं आणि इंजिन त्यांच्या हातून जोडून घ्यावं. आणि प्रत्येक भाग हातात आला की त्याला एकच प्रश्न विचारावा: तू कुणाचा भार घेतोस आणि कुणाकडे देतोस? त्याचं उत्तर मिळेपर्यंत गोंदाची बाटली उघडू नये.