रुक्मिणीचे पत्र आणि आजची प्रेमकादंबरी

(एका वाचनालयाच्या वार्षिक वाचकमेळाव्यात एका ज्येष्ठ वाचक भगिनीने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



या मेळाव्यात आजवर शिवचरित्रावर, संतवाङ्मयावर, क्रांतिकारकांच्या आत्मचरित्रांवर भाषणे झाली आहेत. त्यामुळे मी जेव्हा ‘आजच्या प्रेमकादंबऱ्या’ हा विषय कळवला, तेव्हा संयोजकांनी पुन्हा दूरध्वनी करून ‘ताई, विषय हाच ना?’ अशी खात्री करून घेतली. त्यांचे आश्चर्य स्वाभाविक आहे. साठी उलटलेल्या, नित्यनेमाने पोथी वाचणाऱ्या बाईने या विषयावर बोलावे, हे जरा विपरीतच वाटते. परंतु ज्या विषयावर घरात बोलायचे आपण टाळतो, त्यावर निदान वाचनालयात तरी बोलले पाहिजे, अशी माझी धारणा आहे.

निमित्त घडले ते माझ्या भाचीचे. ती महाविद्यालयात शिकते. सुट्टीत माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या उशाशी तीन-चार इंग्रजी कादंबऱ्या होत्या. मुखपृष्ठे पाहूनच मी म्हणाले, “काय गं, हे असलं वाचतेस?” ती शांतपणे म्हणाली, “मावशी, तू यातलं एक तरी वाचलं आहेस का? आधी वाच, मग बोल.” तिचे म्हणणे मला निरुत्तर करून गेले. न वाचता पुस्तकावर मत देणे हा वाचकाला न शोभणारा दोष आहे. म्हणून त्या चातुर्मासात नेहमीच्या पोथीबरोबर मी या कादंबऱ्याही वाचल्या. त्या वाचनातून जे हाती लागले, ते आपल्यासमोर ठेवते.

प्रथम या पुस्तकांचा थोडा इतिहास पाहू. ‘मिल्स अँड बून’ हे नाव आपल्यापैकी अनेक भगिनींना परिचित असेल. १९०८ साली लंडनमध्ये ही संस्था स्थापन झाली, तेव्हा ती सर्व प्रकारची पुस्तके काढीत असे. १९३०च्या दशकात तिने केवळ प्रेमकथांवर लक्ष केंद्रित केले. भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांची गरज ओळखून ठरावीक लांबीची, ठरावीक वळणाची आणि सुखान्त पुस्तके नियमितपणे पुरवण्याचे तंत्र तिने बसवले. १९७१ साली कॅनडाच्या हार्लेक्विनने ती विकत घेतली, आणि २००८पासून ही पुस्तके थेट भारतातूनही प्रकाशित होऊ लागली. हा व्यापार मोठा आहे आणि त्याला आपल्या मुलींच्या वाचनाची गोडी नेमकी ठाऊक आहे, एवढे यावरून लक्षात यावे.

या साच्यातील बहुतेक कादंबऱ्यांत मला एक विलक्षण साम्य आढळले. नायक धनाढ्य, एकाकी, थोडा रागीट. नायिका देखणी, हुशार आणि तीही एकाकी. तिचे आईवडील एकतर हयात नाहीत, किंवा दूर कोठेतरी आहेत. तिला आजी नाही, आत्या नाही, शेजारीण नाही. घरात कोणाचे आजारपण नाही, धाकट्या भावाचे शिक्षण नाही. या दोघांना जगात कोणाचेच काही देणे नाही. मग त्यांच्या प्रेमाची कसोटी लागणार कशी? ती लागत नाहीच. गैरसमज होतो, तो दूर होतो आणि विवाहाच्या उंबरठ्यावर कादंबरी संपते. आपल्याकडील संसार जेथे सुरू होतो, तेथे या कादंबरीचे शेवटचे पान येते.

या वाङ्मयावर अश्लीलतेचा आक्षेप नेहमी घेतला जातो. काही पुस्तकांतील वर्णने मलाही अनावश्यक वाटली, हे मी लपवत नाही. तरीही माझा मुख्य आक्षेप तो नाही. २०११ साली निघालेली ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ ही कादंबरी घ्या. तिच्यातील उघड्या वर्णनांची चर्चा जगभर झाली. परंतु मला त्याहून भयंकर वाटला तो नायकाचा स्वभाव. नायिकेने काय खावे हे तो ठरवू पाहतो, तिने कोणाला भेटावे यावर त्याची नजर असते, ती कोठे आहे हे तो तिच्या भ्रमणध्वनीवरून शोधून काढतो. आणि हे सारे उत्कट प्रेमाचे लक्षण म्हणून वाचकाच्या गळी उतरवले जाते. पाळत म्हणजे प्रेम, संशय म्हणजे प्रेम, हा संस्कार कोवळ्या मनावर होणे मला अधिक घातक वाटते.

परंतु सारे एकाच मापाने मोजणे न्यायाचे होणार नाही. चेतन भगत यांची ‘टू स्टेट्स’ ही कादंबरी २००९ साली आली. पंजाबी तरुण आणि तामिळ ब्राह्मण कुटुंबातील तरुणी अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेत शिकताना प्रेमात पडतात. तिची भाषा उथळ आहे, विनोद पुष्कळदा अभिरुचीला सोडून आहेत. पण तिचे कथानक पाहा! पळून जाऊन लग्न करणे या दोघांना सहज शक्य असते. ते मात्र दोन्ही घरांची मने जिंकल्याशिवाय लग्न करायचे नाही, असे ठरवतात आणि उरलेली सारी कादंबरी त्या खटाटोपाची आहे. ज्या पिढीला आपण कुटुंबविन्मुख म्हणतो, त्या पिढीने डोक्यावर घेतलेल्या या प्रेमकथेचा विषय आईवडिलांची संमती हा आहे. याची नोंद आपण घेतली आहे का?

माझ्या भाचीच्या उशाशी होती ती कॉलीन हूवर या अमेरिकन लेखिकेची २०१६ सालची ‘इट एन्ड्स विथ अस’. तिची नायिका लिली हिने लहानपणी आपल्या वडिलांना आईवर हात उचलताना पाहिलेले असते. मोठेपणी ती बॉस्टनमध्ये फुलांचे दुकान काढते आणि एका शल्यचिकित्सकाच्या प्रेमात पडून त्याच्याशी विवाह करते. तो कर्तबगार आहे, प्रेमळही आहे, आणि एके दिवशी तोही हात उचलतो. मग क्षमायाचना, मग पुन्हा तेच. लिलीला आपली आई इतकी वर्षे का सोसत राहिली, याचे उत्तर स्वतःच्या संसारात सापडते. अखेर ती आईपाशी मन मोकळे करते, आणि मुलगी झाल्यावर पतीपासून वेगळी होते. आजीने सोसले, आईने सोसले, या मुलीच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून. मुखपृष्ठावर फुले असलेल्या त्या पुस्तकाने मला रात्री झोप येऊ दिली नाही. अमेरिकेतील ही कथा आपल्या आळीतली असू शकते, हे आपण सर्व जाणतो.

बंधू-भगिनींनो, ‘प्रेमकथा ही पाश्चात्त्यांकडून आलेली कीड आहे’ असे विधान आपल्याकडील सभांतून अनेकदा ऐकू येते. ते ऐकताना मला नम्रपणे वाटते की, असे म्हणणाऱ्याने आपले स्वतःचे वाङ्मय वाचलेले नाही. ज्या वाङ्मयप्रकाराला आपण मराठीत ‘कादंबरी’ म्हणतो, ते नाव आले कोठून? सातव्या शतकात सम्राट हर्षाच्या आश्रयाला असलेल्या बाणभट्टाने एक गद्यकाव्य रचले. त्याच्या नायिकेचे नाव कादंबरी. तिचे चंद्रापीडावरील प्रेम आणि महाश्वेतेचे पुंडरीकावरील प्रेम एका जन्मात न संपता पुढील जन्मापर्यंत वाट पाहते. बाणाच्या निधनामुळे अपुरे राहिलेले ते काव्य त्याच्या पुत्राने पूर्ण केले. म्हणजे मराठी माणूस ‘मी कादंबरी वाचतो’ असे म्हणतो, तेव्हा नकळत तो एका प्रेमिकेचेच नाव घेत असतो.

त्याही पूर्वी, सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ आपल्याच गोदातीरावरील, महाराष्ट्री प्राकृतातील आहे. तिच्यात शेतकऱ्यांच्या, गावकऱ्यांच्या घरातील प्रेम, रुसवे आणि विरह आहेत. विदर्भातील पद्मपूरच्या कुळात जन्मलेल्या भवभूतीने ‘उत्तररामचरित’ लिहिले. विवाहाला अनेक वर्षे झाल्यानंतरचे, कर्तव्याने होरपळलेले आणि तरीही न विझलेले असे राम-सीतेचे प्रेम हा त्या नाटकाचा विषय आहे. पाश्चात्त्य साच्याची कथा जेथे थांबते, तेथून भवभूतीची सुरू होते.

आणि आता माझ्या पोथीविषयी. मुलीचे लग्न जमावे म्हणून आपल्याकडे तिला एकनाथ महाराजांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’चे पारायण करायला सांगतात. माझ्याही आईने मला सांगितले होते. अनेक वर्षे मी ते श्रद्धेने वाचले, पण त्यातील कथेकडे खऱ्या अर्थाने लक्ष गेले ते या चातुर्मासात. वर्धा नदीच्या काठच्या कौंडिण्यपूरची राजकन्या. भावाने तिचे लग्न शिशुपालाशी ठरवलेले. ती रडत बसत नाही. ज्याला मनाने वरले आहे, त्या श्रीकृष्णाला ती स्वतः पत्र लिहिते आणि एका विश्वासू ब्राह्मणाच्या हाती पाठवते. भागवतातील ते सात श्लोकांचे पत्र आपल्या परंपरेतील थोर प्रेमपत्र आहे. ज्या घरात मुलीच्या वहीत एखादी चिठ्ठी सापडली तर आकाश कोसळते, त्याच घरात देव्हाऱ्यासमोर ती मुलगी हे पत्र भक्तिभावाने वाचत असते! सावित्रीची कथाही तीच. पित्याने तिला वर निवडण्यासाठी स्वतःच पाठवले. तिने सत्यवानाला निवडले आणि त्याचे आयुष्य एक वर्षाचे आहे हे नारदांनी सांगितल्यावरही ती ढळली नाही. वटपौर्णिमेला आपण तिचे पातिव्रत्य आठवतो, तिची निवड मात्र विसरतो.

तेव्हा प्रेम आपल्याला परके नाही. मग दोन्हींत अंतर काय? रुक्मिणी मनाप्रमाणे वर निवडते, पण पुढे तिच्या संसारात द्वारका आहे, यादवकुळ आहे, सुदाम्यासारखा दरिद्री मित्र आहे. सावित्री आपल्या पतीबरोबर अंध सासऱ्याचेही डोळे मागते. आपल्या कथांतील प्रेम माणसांच्या गोतावळ्यात वाढते. साच्यातील कादंबरीतले प्रेम दोघांभोवती भिंत बांधते. हा भेद मी माझ्या भाचीला सांगितला, आणि तिला तो पटला. पण तो सांगण्याचा अधिकार मला तिची पुस्तके वाचल्यानंतरच मिळाला.

आमच्या पिढीलाही प्रेमकादंबरी नवी नव्हती. ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्या आम्ही पाठ्यपुस्तकाच्या आड लपवून वाचल्या. एकदा वडिलांच्या दृष्टीस ते पडले. ते रागावले नाहीत. पुस्तक माझ्या हातातून घेतले आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयात परत केले. त्यानंतर त्या विषयावर आमच्या घरात कधीही, एक शब्दही बोलला गेला नाही. तेव्हा मला ते सौजन्य वाटले. आज वाटते, त्यांनी मला ‘कादंबरी कशी वाटली?’ एवढे विचारले असते, तर किती बरे झाले असते!

हे का म्हणते, ते सांगते. माझी एक बालमैत्रीण. आम्ही दोघींनी त्या कादंबऱ्या एकत्रच वाचल्या. तिचे लग्न रीतसर, पाहून-सवरून झाले. पहिल्या वर्षी ती मला कौतुकाने सांगे, “ह्यांना मी क्षणभरही नजरेआड झालेली चालत नाही.” आम्हा दोघींनाही ते प्रेमच वाटले. पुढे त्या नजरेचा पहारा झाला आणि पहाऱ्याची मारहाण झाली. अकरा वर्षे तिने माहेरी अवाक्षर काढले नाही. पुढे मी तिला विचारले, “आईला तरी का नाही सांगितलंस?” ती म्हणाली, “आमच्या घरी असलं काही बोलायची पद्धतच नव्हती गं.”

भगिनींनो, हे उत्तर मी विसरू शकलेले नाही. ज्या घरात प्रेम या शब्दाचा उच्चार करता येत नाही, त्या घरात प्रेमाच्या नावाने झालेला छळही सांगता येत नाही. मुलगी कोणती कादंबरी वाचते, ही चिंता दुय्यम आहे. ती लपवून का वाचते, ही खरी चिंता आहे. कुटुंब हा आपल्या समाजाचा पाया आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु ज्या कुटुंबात मुलीला आपले मन सांगता येत नाही, तो पाया आतून पोकळ झालेला असतो. बाहेरचे वादळ त्याला निमित्तमात्र होते.

म्हणून दोन विनंत्या करते. पहिली, पालकांना. मुलांची पुस्तके जप्त करू नका, ती वाचा आणि त्यांच्याशी वाद घाला. ‘हा नायक तुला आवडला, तर का आवडला?’ असे विचारा. उत्तर ऐकण्याइतका धीर ठेवा. दुसरी विनंती लेखक बंधू-भगिनींना. ‘स्वामी’मध्ये रणजित देसाईंनी राजकारण, आजारपण आणि कर्तव्य यांच्या गराड्यात माधवराव-रमाबाईंचे प्रेम असे रंगवले की, १९६२पासून आजपर्यंत ते वाचले जात आहे. ‘ययाती’त खांडेकरांनी वासना आणि प्रेम यांतील अंतर दाखवले. पण आजच्या मुलीला तिच्या ओळखीच्या घरातील, नोकरी, प्रवास, आईवडिलांचे वार्धक्य या सर्वांसह फुलणारी प्रेमकथा मराठीत हवी असेल, तर आम्ही पुन्हा त्याच जुन्या कपाटाकडे बोट दाखवतो. आपण तिला देत नाही, म्हणून ती दुसऱ्याच्या दुकानात जाते. दुकानदाराला शिव्या देऊन काय साधणार?

यंदाच्या चातुर्मासात भाची पुन्हा आली होती. संध्याकाळी मी पोथी उघडली, तेव्हा ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “मावशी, तो पत्राचा भाग वाच ना.” मी वाचला. नंतर बराच वेळ आम्ही दोघी बोलत बसलो होतो. कशाविषयी, ते आपल्याला सांगण्याची आवश्यकता नाही. पण ती बोलली, एवढे मात्र आवर्जून सांगते.