रोशाचे तेल आणि आपली त्वचा



 दिवाळी तोंडावर आली की अभ्यंगाच्या तेलाची खरेदी सुरू होते. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात ‘पामारोसा’ नावाची छोटी, महागडी बाटली दिसली, तर ती परदेशातून आली असेल असे समजू नका. ते आपले रोशाचे तेल आहे.

रोशा हे डोंगरउतारावरचे गवत. एकोणिसाव्या शतकात खानदेशातून, विशेषतः नंदुरबारकडून, त्याच्या तेलाचा मोठा व्यापार चाले. पावसाळा सरला, गवत फुलोऱ्यावर आले की ओढ्याकाठी भट्ट्या लागत. कढईत गवत आणि पाणी भरायचे, झाकण लिंपून घट्ट करायचे, खाली जाळ घालायचा; वाफ नळीतून गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरे आणि पाण्यावर तेल तरंगे. ते मुंबईहून तांबड्या समुद्राच्या वाटेने कॉन्स्टँटिनोपलला जाई. तिथे त्याची भेसळ गुलाबाच्या अत्तरात होत असे, कारण दोहोंतही जिरॅनिऑल हे द्रव्य असते. रोशाच्या तेलात ते सुमारे ७० ते ८५ टक्के भरते. जगाने गुलाब म्हणून हुंगलेल्या कित्येक कुप्यांमध्ये खानदेशातले रानगवत होते, आणि ते कापणाऱ्या, भट्टीपाशी घाम गाळणाऱ्या माणसांचे नाव कुठल्याच कुपीवर नव्हते. याची मला मनापासून खंत वाटते.

आता त्वचेचे पाहू. जिरॅनिऑल काही जंतूंना आणि बुरशीला आवर घालते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण काचेच्या बशीतला जंतू वेगळा आणि आपल्या गालावरची कातडी वेगळी. याच जिरॅनिऑलची काहींना ॲलर्जी होते. म्हणून युरोपात ते ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर वेष्टनावर त्याचा उल्लेख करावाच लागतो. ‘वनस्पतीचे आहे, मग अपाय कसला?’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात. कातडीवर फोड आणणारा बिब्बाही वनस्पतीचाच असतो, एवढे उत्तर मराठवाड्यात पुरावे.

माझे मत स्पष्ट आहे. कोरड्या त्वचेला खरा आधार वासाच्या थेंबाचा नसतो, तो थेंब ज्यात मिसळतो त्या तेलाचा असतो. त्यासाठी लांब जायला नको. करडई आपल्या रानातली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचे वाण दिले, तरी काट्यांची कापणी नको म्हणून शेतकरी तिच्यापासून दूर गेला. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असते आणि त्वचेचा वरचा थर पाणी धरून ठेवतो तो त्याच्याच मदतीने. तीस मिलिलिटर करडईच्या किंवा तिळाच्या तेलात रोशाचे सहा थेंब, म्हणजे साधारण एक टक्का. अंगाला एवढे पुष्कळ झाले. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दोन दिवस वाट पाहा. निव्वळ तेल कातडीवर लावू नका, पोटात घेऊ नका. आंघोळीच्या बादलीतही टाकू नका. ते पाण्यात विरघळत नाही आणि तवंग तसाच अंगाला चिकटतो.

मनाला बरे वाटते का? वाटते. गंध भावनांशी फार जवळून जोडलेला आहे. पण अभ्यंगाच्या पहाटे जे बरे वाटते, त्यात पाठीवरून फिरणाऱ्या आईच्या हाताचा वाटा मोठा असतो, आणि तो कुठल्याही बाटलीत मिळत नाही.

तान्ह्या बाळाच्या मालिशीत कोणतेही सुगंधी तेल नको, आणि कापूर तर मुळीच नको. तो पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात. बाटल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी, अंधारात, घट्ट बूच लावून ठेवा. जुने, हवा लागलेले तेल त्वचेला अधिक झोंबते, ते टाकून द्या. चट्टा उठला, खाज थांबेना, तर तेल बदलत बसू नका. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे; तिथे दाखवा, आणि जाताना ती बाटली सोबत न्या.