कचेरीची रीत

जालना जिल्ह्यांत जाफराबाद तालुक्यांत टेंभुर्णी म्हणून गांव आहे. सोलापूर जिल्ह्यांतील टेंभुर्णी निराळी. तेव्हां पत्त्यांत तालुका लिहिणें हा येथील पत्रव्यवहाराचा पहिला शिष्टाचारच म्हटला पाहिजे. अशा गांवचा एखादा पदवीधर तरुण जालन्याच्या पोलादाच्या किंवा बियाण्यांच्या कारखान्यांत, अथवा छत्रपति संभाजीनगरास एखाद्या कंपनींत मुलाखतीसाठीं निघाला, म्हणजे घरांत प्रथम विचार होतो तो पोषाखाचा. सदऱ्याला इस्त्री आहे ना, बूट कोणाचे मागून आणावयाचे, आणि मुख्य म्हणजे तेथें बोलतांना 'येऊन राह्यलो', 'करून राह्यलो' असें कांहीं तोंडून निसटावयाचें नाहीं. ही काळजी निराधार नव्हे. समोरच्या अधिकाऱ्याचें मत पुष्कळदां उमेदवार खुर्चीवर बसण्यापूर्वींच बनूं लागतें. आणि शहरी सफाईलाच गुण समजणारे अधिकारी थोडेथोडके नसतात. त्यापायीं एखाद्याची नोकरी जाते, आणि कंपनीच्या हातचा एक चांगला माणूस जातो. म्हणून कचेरींतील रीतभात म्हणजे नेमकें काय, हें एकदां स्वच्छ पाहून घेणें इष्ट आहे.

याच जिल्ह्यांत, घनसावंगी तालुक्यांतील जांब या गांवीं, १६०८ मध्यें समर्थ रामदासांचा जन्म झाला. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. समर्थांच्या डोळ्यांपुढें ग्रंथ उतरून घेणारे लोक होते, कारकून नव्हेत. तरी कारकुनानें वाचावें असें याहून चांगलें प्रकरण मराठींत क्वचितच सांपडेल. अक्षर वाटोळें, सरळ आणि मोकळें असावें, पहिल्या अक्षराचें वळण शेवटपर्यंत टिकावें, म्हणजे सारा ग्रंथ एकाच टांकानें लिहिल्यासारखा वाटेल, एवढें तर कोणताही पंतोजी सांगेल. परंतु पुढें ते म्हणतात कीं, तरुणपणीं फार बारीक लिहूं नये, कारण म्हातारपणीं तें उपयोगी पडत नाहीं. आणि पानाच्या चहूंकडे जागा मोकळी सोडावी. कागदाच्या कडा झिजून गेल्या तरी अक्षराला धक्का लागूं नये. (या मोकळ्या जागेलाही मराठींत समासच म्हणतात, हा एक गमतीचा योग.) या दोन्ही सूचनांत लिहिणाराच्या ऐटीचा विचार नाहीं. वीस-तीस वर्षांनीं तें पान हातीं घेणारा मंद दृष्टीचा मनुष्य त्यांत गृहीत धरलेला आहे. जो समोर नाहीं त्याची सोय आधीं पाहून ठेवणें, येथून शिष्टाचाराला प्रारंभ होतो.

आज बोरू आणि दौत गेली, ई-मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आलें. पण तो मंद दृष्टीचा मनुष्य अद्याप आहेच. विषयाच्या जागीं 'अर्जंट' एवढाच शब्द टाकून धाडलेलें पत्र, खालीं कोणाचें नांव नाहीं असा संदेश, रात्रीं अकराला हाताखालच्या माणसाला सांगितलेलें काम, यांत लिहिणाराचे दोन क्षण वांचतात आणि वाचणाराचा अर्धा तास जातो. दूरध्वनीवर आधीं आपलें नांव सांगावें, दहाची बैठक दहाला सुरू व्हावी, उशीर होणार असेल तर तो होण्यापूर्वीं कळवावें. या गोष्टी सर्वांना ठाऊक असतात आणि म्हणूनच राहून जातात. सर्वांत मोठी चूक मात्र मोठ्या कचेऱ्याच करतात. मुलाखतीस बोलावलेल्या उमेदवाराला निवड झाली नाहीं हें कळविण्याची तसदी कित्येक ठिकाणीं कोणी घेत नाहीं. दुसरीकडचें काम स्वीकारावें कीं न स्वीकारावें या विवंचनेंत तो महिनाभर फोनकडे पाहत राहतो. बुटांना पॉलिश नाहीं म्हणून ज्यानें त्याचे गुण कापले, त्यालाच दोन ओळींचा नकार लिहिणें जमलें नाहीं, तर असभ्य कोण ठरला?

जुन्या मोडी पत्रांत मायन्याला फार महत्त्व असे. ज्याला लिहावयाचें त्याचें वय, नातें, दर्जा पाहून मायना निवडावयाचा. त्यांत चूक झाली तर मजकूर कितीही गोड असला तरी मन दुखावे. त्या पद्धतींत मान मिळे तो दर्जाला, माणसाला नव्हे. आज 'महोदय' आणि 'महोदया' सर्वांना सारखेंच, ही सुधारणाच होय.

पोषाखाविषयीं समर्थांचें म्हणून एक वचन लोकांच्या तोंडीं आहे. वेष साधाभोळा असला तरी चालेल, अंगीं कला पाहिजेत, असा त्याचा आशय. महाराष्ट्र सरकारनें डिसेंबर २०२० मध्यें आपल्या कर्मचाऱ्यांसाठीं पोषाखाचे नियम काढले. जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर यांना मनाई झाली. शुक्रवारीं खादी वापरावी अशी सूचना झाली. पुढें कांहीं महिन्यांतच जीन्सवरची मनाई उठली. नीटनेटकें राहावें हें खरेंच. मळका सदरा हा समोरच्याचा अनादर आहे. पण तालुक्याच्या कचेरींत दाखल्यासाठीं आलेल्या शेतकऱ्याला बाबूच्या विजारीचें कापड खटकत नाहीं. खटकतें तें मान वर न करतां उच्चारलेलें 'उद्या या'. एका दिवसाची मजुरी आणि एस. टी. चें भाडें त्या दोन शब्दांत बुडतें. २०१५ मध्यें महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला. ठरवून दिलेल्या सेवांना मुदत लागली आणि ती विनाकारण चुकविणाऱ्या अधिकाऱ्यास दंडाची तरतूद झाली. जें सौजन्यानें व्हावयाचें तें कायद्यानें करून घ्यावें लागलें.

संबोधनाचेंही तसेंच. साहेबाला 'सर', आणि सत्तर वर्षांच्या शेतकऱ्याला 'ए बाबा, तिकडे हो', असा दुहेरी व्यवहार करणारा मनुष्य इंग्रजी कितीही सफाईनें बोलो, त्याला कचेरीची भाषा आली असें म्हणतां येत नाहीं. टेंभुर्णीकडचा मुलगा वडीलधाऱ्या माणसाला सहज 'काका', 'मावशी' म्हणतो आणि सरकून बसावयास जागा देतो. हें शिक्षण त्याला घरींच मिळालेलें असतें, आणि मुलाखतींत त्याची परीक्षा कोणी घेत नाहीं. 'येऊन राह्यलो' चें 'येत आहें' व्हावयास पंधरा दिवस पुरतात. उलट दिशेचें शिक्षण कित्येकांना निवृत्तीपर्यंत साधत नाहीं.

ज्यांना सही येत नाहीं अशीं माणसें अजूनही बँकेंत येतात. अंगठ्याच्या शाईशेजारीं हात पुसावयास कापडाचा तुकडा ठेवलेला असतो अशा कचेऱ्या आहेत. आणि ज्यांच्या भिंतींवर निळीं बोटें उमटलेलीं दिसतात, अशाही आहेत.