बारापेड्याची पाकोळी आणि आपल्या बारवा
(जळकोट येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



बैठकीचे विषय भाव, वीज आणि पीकविमा. त्यात हे वटवाघूळ कुठून आले, असे काहींनी सकाळीच विचारले. त्यांची चूक नाही. जंगली जनावर वाचवा म्हणत कोणी आले की आपल्या पोटात गोळा येतो. रानडुकराने भुईमूग उकरला, हरणांनी हरभरा खाल्ला की पंचनाम्यासाठी चकरा आपणच मारायच्या. पण आज ज्याच्याबद्दल आम्ही बोलणार आहोत ते जनावर पिकाचे एक पानही खात नाही.

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळच्या जंगलात बारापेडे नावाची गुहा आहे. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पाहणीत १९१२ साली तिथे एक वेगळीच पाकोळी सापडली. लंडनच्या ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ साली तिची नोंद केली आणि मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यात नोकरी केलेल्या रॉटन साहेबांचे नाव तिला दिले. गुहा आपली, पाकोळी आपली, नाव साहेबाचे. असो.

दिसायला कशी? अंग तळहातावर मावेल एवढे. रंग गडद तपकिरी, भाजलेल्या कॉफीसारखा, आणि मानेमागे खांद्यावर फिकट राखी पट्टा, उपरणे टाकावे तसा. कान मात्र अंगाच्या मानाने भलतेच मोठे, कपाळावर एकमेकांना जोडलेले आणि नाकाच्याही पुढे आलेले. शेपटीचा बराच भाग पंखाच्या पडद्याबाहेर मोकळा असतो. अशा मोकळ्या शेपटीच्या वाघळांचे एक वेगळे कूळच आहे.

जवळजवळ नव्वद वर्षे ही पाकोळी साऱ्या जगात त्या एकाच गुहेत ठाऊक होती. ती गुहा कोणी बुजवली असती, धूर कोंडला असता, तर आपल्या माहितीतली सगळी जात एका दिवसात संपली असती. पुढे कंबोडियात आणि मेघालयात ती सापडली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत बसवले. गुहेभोवतीचे भीमगडचे जंगल २०११ साली अभयारण्य झाले. जगाच्या यादीत ती आधी अतिसंकटग्रस्त होती, आता तिच्यापुढे ‘पुरेशी माहिती नाही’ असा शेरा आहे. हा शेरा म्हणजे धोका टळल्याचा दाखला नव्हे. सातबारा सापडत नाही म्हणून जमीन सुरक्षित आहे, असे आपण म्हणतो का?

द्राक्षवाले भाऊ म्हणतील, वाघळे आमचे घड फोडतात. फोडतात, ते नुकसान खरे आहे. पण ती फळखाऊ, मोठी, कुत्र्याच्या तोंडाची. त्याच कायद्याने त्यांना उंदीर-कावळ्यांच्या पंगतीत उपद्रवी ठरवले होते. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. संध्याकाळी विहिरीतून भिरभिरत वर येणारी पाकोळी मात्र किडे खाते. या दोघींना एकाच काठीने हाणू नका.

बारापेड्याच्या पाकोळीचेच कूळ अमेरिकेत टेक्सासच्या गुहांत लाखोंनी राहते. तिथली पाकोळी कपाशी आणि मक्यावरच्या बोंडअळीचे पतंग रात्री उडता उडता टिपते. ती अळी आपल्या तुरीवरच्या घाटे अळीची चुलत बहीण. त्याच देशात दुसऱ्या काही जाती बुरशीच्या रोगाने मेल्या. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की ज्या जिल्ह्यांत पाकोळ्या गेल्या तिथे शेतकऱ्यांची कीटकनाशकांची फवारणी सुमारे ३१ टक्क्यांनी वाढली. तो खर्च कोणाच्या खिशातून गेला, हे तुम्हाला सांगायला नको.

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. शिवारातल्या एका पडक्या बारवेत पाकोळ्या होत्या. वास येतो, पोरे भितात, म्हणून आम्ही उसाचे पाचट पेटवून आत टाकले. सकाळी पायऱ्यांवर खच पडला होता. काही माद्यांच्या पोटाला पिल्ले चिकटलेली होती. बऱ्याच जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू देते, हे आम्हाला नंतर कळले. त्या कोणत्या जातीच्या होत्या ते कोणी पाहिलेच नाही. बारव अजून आहे, पण तिच्यातून दिवेलागणीला काही उडत नाही.

म्हणून आमचे मागणे एवढेच. बारव किंवा जुनी विहीर बुजवायचा ठराव झाला तर आधी दोन संध्याकाळी काठावर बसून पाहा, काही बाहेर पडते का. पडत असेल तर धूर देऊ नका. पोरे पडतील ही भीती रास्त आहे, तर आडवे गज बसवा, पाकोळी सुटेल एवढी फट ठेवून. हाताने धरू नका, चावलीच तर जखम धुऊन लगेच दवाखाना गाठा. गावोगावच्या अशा बारवांची नावे वहीत लिहून पुढच्या बैठकीला घेऊन या. जळकोटकरांनी आपल्या शिवारापासून सुरुवात करावी, वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे.