ओवीचा स्वर संगणकांत कां बिघडतो?

आषाढांत ताम्हिणीच्या घाटांत कोसळणाऱ्या पावसाची कल्पना पुण्यांत बसून येत नाहीं. २०२४ सालच्या जुलै महिन्यांत तेथें एका दिवसांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. अशा दिवशीं पत्र्याच्या छपराखालीं लॅपटॉप मांडून कोणीं आजीच्या ओव्या मुद्रित करूं म्हटलें, तर आवाजाआड पावसाचा ताशा वाजणारच. परंतु हा दोष प्रामाणिक. त्याचें कारण डोळ्यांसमोर असतें. दुसरा दोष याहून फसवा आहे. संगणकावर गाणें सुरेख वाजतें. मात्र रेंडर केलें, म्हणजे सगळे ट्रॅक मिळवून त्यांची एकच फाइल केली, कीं स्वर फाटलेला, चढलेला अथवा शेवटीं तुटलेला निघतो.

मुळशी तालुक्यांत ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनीं जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखावर गेली, आणि त्यांत या तालुक्यांतील बायकांचा वांटा मोठा आहे. त्यांतील कित्येकींचे आवाज पुढें बर्नार्ड बेल यांच्या साहाय्यानें मुद्रित झाले. आतां घरोघर गिरणीचें पीठ येतें. जात्याशीं बसून गाइलेल्या बायका थोड्या उरल्या आहेत. घरच्या मुद्रणांत स्वर चढलेली फाइल तेवढी राहिली, तर नातवंडांच्या लेखीं आजीचा आवाज तोच ठरेल.

दोष शोधतांना दिसेल तें बटण फिरविण्याची घाई करूं नये. रेंडर झालेली फाइल त्याच प्रकल्पांत नव्या ट्रॅकवर आणावी आणि बाकीचे ट्रॅक बंद करून ऐकावी. तेथेंही ती बिघडलेली असेल तर दोष रेंडरचा. तेथें नीट वाजली तर दोष ती वाजविणाऱ्या फोनचा किंवा दुसऱ्या यंत्राचा. उलट, काम चालू असतांना कडकड ऐकूं येते व फाइलींत मात्र ती नसते, तेव्हां संगणकावर भार अधिक झालेला असतो. बफर वाढविला कीं ती थांबते.

चढलेल्या स्वराचें कारण बहुधा सँपल रेटच्या घोटाळ्यांत असतें. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या सीडीसाठीं सेकंदाला ४४,१०० नमुने ठरले. चित्रफितींच्या कामांत ४८,००० रूढ झाले. पहिल्या मापाचें मुद्रण दुसऱ्या मापानें वाजलें, तर गति शेंकडा जवळजवळ नऊंनीं वाढते. दहा मिनिटांचें गाणें सुमारें ९ मिनिटें ११ सेकंदांत संपतें, आणि काळी एकमध्यें गाणारी बाई पांढरी दोन व काळी दोन यांमधल्या फटींत जाऊन बसते. पेटीवर हा स्वर सांपडतच नाहीं, म्हणून पेटीवाल्याच्या कानाला ही चूक आधीं कळते. येथें स्वर उतरविण्याचें प्लगिन लावणें म्हणजे जखमेवर रंग देणें होय. प्रकल्पाचें व मुद्रणाचें माप जुळवून पुन्हां रेंडर करावें.

स्वर फाटण्याची गोष्ट निराळी. बहुतेक सॉफ्टवेअर आंतला हिशेब ३२ बिट फ्लोटिंग पद्धतीनें करतें. शून्य डेसिबलच्या वर गेलेला आवाजही त्यांत शाबूत राहतो. १६ बिटांच्या फाइलींत मात्र ३२,७६७ च्या वर पायरीच नाहीं. वरचा भाग छाटला जातो. लॅपटॉपचा आवाज बारीक ठेवून काम केल्यास हा अतिरेक पुष्कळदां ध्यानांत येत नाहीं. छाटलेली फाइल मागाहून हळू केली तरी गेलेलें परत येत नाहीं. मूळ प्रकल्पांत मास्टर खालीं आणावा, आणि एमपी३ करावयाची असल्यास एखादा डेसिबल जागा मोकळी सोडावी.

तंबोऱ्याचा अथवा रिव्हर्बचा शेवटचा गुंजारव तुटत असेल, तर रेंडरची हद्द चार-पांच सेकंद पुढें न्यावी. डिस्कवरून नमुने उचलणारा तबला जलद रेंडरमध्यें ठोके गाळीत असेल, तर गाण्याच्या मूळ गतीनेंच रेंडर करून पाहावें. एखादें वाद्य सबंधच नाहींसें झालें, तर प्रथम म्यूट व सोलो हीं बटणें तपासावीं; रात्रभर शोधलेला दोष तेथेंच निघाल्याचे प्रकार थोडे नाहींत.

प्रत्येक रेंडर नव्या नांवानें ठेवावा, आणि मूळ मुद्रणाची एक अस्पर्श प्रत दुसऱ्या डिस्कवर. ती असली कीं पावसाळा सरल्यावरही चूक दुरुस्त करतां येते.