शाळेची बाग आणि मे महिना



आमचे सारे आयुष्य कामगारांच्या सभांत गेले. शाळा सातवीतच सुटली. तेव्हा शिक्षणावर बोलण्याचा आम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर एवढेच की, शाळेच्या बागेत शिक्षणाइतकाच श्रमाचाही प्रश्न आहे.

हा विचार नवा नाही. जर्मनीत फ्रेबेलने १८४० साली आपल्या बालशाळेला नावच 'मुलांची बाग' असे दिले. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची योजना मांडली. २०१९ साली केंद्र सरकारने शालेय पोषण-बागांसाठी सूचना काढल्या. जागा नसेल तर कुंड्यांत, गच्चीवर भाजी लावा, असे त्यांत आहे. म्हणजे जागेची सबब उरली नाही. मग बागा वाळतात का?

आमच्या वस्तीतल्या एका शाळेत मुलांनी जूनमध्ये भेंडी-गवार लावली, दिवाळीनंतर मेथी-मुळा. वाफे मोजता मोजता मुले क्षेत्रफळ शिकली. मे महिन्यात सुट्टी लागली आणि उरलीसुरली झाडे जळून गेली. दोष शिपायाच्या माथी आला. त्याची कंत्राटी नेमणूक एप्रिलअखेर संपली होती, हे कोणी पाहिलेच नाही! आम्ही त्याची बाजू घेतली, आणि त्या भरात "असली बागच नको" असे बोलून गेलो. सभेनंतर तोच म्हणाला, "दादा, बाग बंद करा असं मी कुठं म्हटलं? मे महिन्याचा पगार मागा." आमची चूक आम्हांला कळली.

बागेला ऊन, पाणी आणि शेळ्यांपासून कुंपण हवेच. पण बाग एकाच शिक्षकाच्या हौसेवर सोडली, तर त्याच्या बदलीबरोबर ती मरते. म्हणून ती दोघांवर सोपवावी आणि वेळापत्रकात तिला तास द्यावा. खोडकर मुलाला शिक्षा म्हणून खुरपे देऊ नये. श्रम म्हणजे शिक्षा, हाच धडा तो घेईल. खुरपे आणि झाडू सर्व जातींच्या मुलामुलींच्या हाती पाळीपाळीने यावेत. भाज्या एप्रिलपर्यंत काढून घ्याव्या. उन्हाळ्यात थोड्या पाण्यावर तगणारे शेवग्यासारखे झाड ठेवावे.

आज आपण या मांडवात बसलो आहोत, तेव्हा कितीतरी शाळांच्या बागा तहानलेल्या आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचेच बहुमत असते. पुढच्या बैठकीत एवढेच विचारा : मे महिन्यात पाणी कोण घालणार, आणि त्याचा पगार कोण देणार?