पहिल्या वर्षाचे तीन पाठ

(पदवीच्या प्रथम वर्षात प्रवेश घेतलेले विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



महाविद्यालयातील प्रवेश निश्चित झाला की घरोघरी चर्चा होते ती मुख्य विषयाची. त्याच्या जोडीला येणाऱ्या लहान, प्रास्ताविक विषयांची फारशी कोणी वास्तपुस्त करीत नाही. कोणता विषय सोपा आणि कोणत्या तासाला हजेरी घेत नाहीत, एवढीच काय ती चौकशी होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांची नवी रचना झाली. अन्य विद्याशाखेचा विषय घेण्याची आणि राष्ट्रीय छात्रसेना, राष्ट्रीय सेवा योजना यांतील कामाला श्रेयांक मिळण्याची वाट तिने मोकळी केली. या संधीचे सोने करायचे की माती, हे मात्र वर्गात बसणाऱ्यानेच ठरवायचे आहे. वाणिज्याची मूलतत्त्वे, सैनिकी नेतृत्व आणि सामान्य अध्ययन या तीन विषयांपुरता तरी हा विचार आज व्हावा.

हिशेबाची शिस्त

वाणिज्याचा पहिला पाठ जमा-नावे यांचा असतो. प्रत्येक व्यवहाराची नोंद दोन ठिकाणी झाली पाहिजे आणि दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत, हा नियम वरवर रुक्ष वाटतो. वास्तविक तो सचोटीचा संस्कार आहे. आलेला पैसा कोठून आला आणि कोठे गेला, याचे उत्तर देण्याची सवय तो लावतो. वहीत नफा दिसत असूनही उधारी वसूल न झाल्याने खेळते भांडवल आटते आणि चालता धंदा बसतो, हेही येथेच समजते. हे ज्ञान केवळ भावी उद्योजकालाच हवे असे नाही. पगारदार घरालाही ते तितकेच आवश्यक आहे.

१९५९ साली मुंबईत गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला प्रारंभ केला. तोच पुढे ‘लिज्जत’ या नावाने देशभर पोहोचला. त्या भगिनींपाशी वाणिज्याची पदवी नव्हती. मात्र हिशेब चोख ठेवावा आणि मालाच्या दर्जात तडजोड करू नये, हा छगनलाल पारेख यांचा आग्रह त्यांनी मानला. नफा आणि तोटा दोन्ही सर्वांचे, हे तत्त्व तेथे टिकले, कारण हिशेबावर सर्वांचा विश्वास होता. प्रथम वर्षाच्या पुस्तकातील पहिले प्रकरण ते हेच.

आज्ञेआधी उत्तरदायित्व

पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली १९४६ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून जुलै १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना उभी राहिली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग सुरू झाला. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर १९६३ मध्ये हे प्रशिक्षण अनिवार्य करण्यात आले आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक झाले. संचलनाला हजर राहण्याची सक्ती करता येते. शिस्त अंगी बाणवण्याची सक्ती करता येत नाही. आज श्रेयांकांच्या ओढीने गणवेश चढवणाऱ्यांनी हा भेद ओळखला पाहिजे.

सैनिकी नेतृत्व म्हणजे मोठ्या आवाजात हुकूम सोडणे, असा एक समज आहे. छात्रसैनिकाला नकाशावाचन शिकवताना प्रथम होकायंत्राने नकाशाची उत्तर दिशा जुळवायला सांगतात. मग स्वतः कोठे उभे आहोत ते शोधायचे आणि त्यानंतरच पुढची वाट ठरवायची. नेतृत्वाची सुरुवातही अशीच असते. १९३२ मध्ये डेहराडूनच्या सैनिकी अकादमीच्या उद्घाटनप्रसंगी फील्ड मार्शल चेटवुड यांनी अधिकाऱ्यासाठी एक क्रम घालून दिला. आधी देश, मग हाताखालच्या जवानांचे हित आणि सर्वांत शेवटी स्वतःची सोय. स्वतंत्र भारताच्या सेनेनेही तो क्रम आदर्श म्हणून जपला. शिबिरात दहा जणांच्या तुकडीची जबाबदारी पडलेल्या मुलाला सगळ्यांची ताटे वाढून झाल्याची खात्री केल्यावरच स्वतः जेवायला बसायचे असते. हा धडा परीक्षेत विचारला जात नाही, म्हणून तो कमी मोलाचा ठरत नाही.

आता ही वाट मुलींनाही खुली आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ मध्ये मुलींचा प्रवेश सुरू झाला आणि मे २०२५ मध्ये १७ तरुणींची पहिली तुकडी खडकवासल्याहून बाहेर पडली. मुलगी छात्रसेनेत जाऊ का, असे विचारते तेव्हा पालकांनी हे स्मरावे.

समाजाची ओळख

सामान्य अध्ययन म्हटले की राजधान्यांची यादी आणि स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तके डोळ्यांपुढे येतात. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने मात्र १९४९ मध्येच सर्वसाधारण शिक्षणाचा आग्रह धरला होता. केवळ आपल्याच विषयात निष्णात असलेला पदवीधर चांगला नागरिक असेलच असे नाही, ही जाण त्यामागे होती. ग्रामसभेचे अधिकार कोणते, पालिकेच्या अंदाजपत्रकात आपल्या प्रभागासाठी किती तरतूद आहे, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज कसा करावा, हे ज्याला ठाऊक नाही त्याचे शिक्षण अपुरेच म्हटले पाहिजे. घटनेतील हक्क अनेकांना पाठ असतात. कलम ५१ अ मधील अकरा मूलभूत कर्तव्ये किती जणांना सांगता येतील? त्यांतले २००२ मध्ये जोडलेले अकरावे कर्तव्य तर थेट पालकांचे आहे. सहा ते चौदा वर्षे वयाच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे, हे ते कर्तव्य.

तिन्ही विषय निराळे दिसले तरी विचारतात एकच प्रश्न. हाती आलेला पैसा, सोबतीला आलेली माणसे आणि ज्यात जन्म झाला तो समाज, यांच्याविषयी उत्तर देण्याची तयारी आहे का? दोन श्रेयांकांचा विषय म्हणजे जेमतेम तीस तासिका. एवढ्या अवधीत कोणी उद्योजक, सेनानी वा विद्वान होणार नाही. सवय मात्र निश्चित लागू शकते.

म्हणून पालकांनी या सत्रात एक करावे. घरातील एका महिन्याचा जमाखर्च मुलामुलींच्या हाती सोपवावा, शेजारपाजारच्या एखाद्या सार्वजनिक कामाची जबाबदारी त्यांना घेऊ द्यावी आणि आठवड्यातून एकदा जेवताना एका सार्वजनिक प्रश्नावर त्यांचे मत विचारावे. हिशेब चुकेल, कामात गोंधळ होईल, मतही कच्चे असेल. त्या वेळी वही त्यांच्या हातून काढून घेऊ नये. चूक कोठे झाली, ती त्यांनाच शोधू द्यावी.